जोडणी तुटली कोठे?

वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, वाङ्मय, समाजकारण असे विषय डोळ्यांपुढे येतात. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात ही प्रथा सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी रुजली. अशा मालेत आम्ही 'लिनक्सवरील स्वयंसेवी संगणन आणि त्याच्या जोडणीतील बिघाड' हा विषय घेतला, तेव्हा आमच्या एका मित्राने विचारले, "अहो, हे काम दुरुस्तीवाल्याचे. यावर व्याख्यान कसले द्यावयाचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आधी एक घडलेली हकीकत सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, सहा जुन्या संगणकांची एक खोली आहे. हे संगणक एका कार्यालयाने मोडीत काढलेले. नव्या प्रणाली त्यांच्यावर चालेनात, म्हणून त्यांच्यावर लिनक्स घातलेले. संध्याकाळी तेथे शाळा-महाविद्यालयातील मुले येतात. कोणी गोंडी बोलणारे, कोणी माडिया, कोणी मराठी. तेथील एका उत्साही शिक्षकाने ही सहाही यंत्रे 'आइन्स्टाइन ॲट होम' या वैज्ञानिक उपक्रमाला जोडून दिली. यंत्र रिकामे असेल त्या वेळी त्याने आकाशातील संकेतांची छाननी करावी, अशी ती योजना. परंतु दुसऱ्या दिवसापासून मुलांनी खिडकी उघडली की तीत एकच उत्तर : 'जोडणी नाही'. अकरा दिवस हा प्रकार चालला. आम्ही तेथे गेलो तेव्हा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "आपल्या भागात हे चालत नाही जी. आपला टॉवरच असा आहे."

आम्हीही ते खरे मानले. घाईघाईने एका यंत्रावरील ती सारी सामग्री मुळासकट काढून टाकली आणि पुन्हा बसविली. तरी खिडकी तेच म्हणेना का! तेवढ्यात लक्षात आले की शेजारच्याच यंत्रावर एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती आणि तो सुरळीत जात होता. म्हणजे टॉवर निर्दोष होता. पुढे उपक्रमाच्या संकेतस्थळावर खाते उघडून पाहिले तेव्हा आम्हाला लाज वाटली. सहाही यंत्रे अकरा दिवस इमाने काम करीत होती आणि पुरे झालेले काम पाठवीतही होती. तुटलेली होती ती फक्त आतली खिडकी. आणि ज्या यंत्रावर आम्ही 'दुरुस्ती' केली, त्यावरचे अर्धे झालेले आणि पाठवावयाचे राहिलेले सारे काम आमच्या हातून नष्ट झाले होते.

व्याख्यानाचा विषय निघाला तो येथून. बिघाड झाला यात विशेष काही नाही. तो कोठे आहे हे न पाहताच 'आपल्या भागात हे चालत नाही' असा निकाल एका मुलाने दिला आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी त्याला होकार दिला, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

स्वयंसेवी संगणन म्हणजे काय

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात तेंदूपानांचे संकलन होते. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक गोणी. सारे जंगल एका माणसाने तोडावयाचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. परंतु घरोघरची माणसे पहाटे निघतात, आपापल्या परीने पाने आणतात, पुडकी बांधतात, केंद्रावर मुन्शी ती मोजून घेतो, आणि काही आठवड्यांत लाखो पुडकी जमतात. स्वयंसेवी संगणनाचे तत्त्व हेच आहे. एखाद्या संशोधनासाठी इतकी आकडेमोड लागते की ती एका महासंगणकाला परवडत नाही. मग त्या कामाची लहान लहान पुडकी करून ती जगभरातील सामान्य लोकांच्या संगणकांकडे पाठवावयाची आणि उत्तरे परत गोळा करावयाची.

हा प्रयोग लोकप्रिय झाला तो १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या 'सेटी ॲट होम'मुळे. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे रेडिओसंकेत शोधण्याच्या या उपक्रमात पुढील काळात पन्नास लाखांहून अधिक लोक सामील झाले. ३१ मार्च २०२० रोजी त्याने नवीन काम वाटणे थांबविले. पण त्याच्या अनुभवातून कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांनी २००२ च्या सुमारास एक सामाईक साधन उभे केले. त्याचे नाव 'बॉइंक'. आज निरनिराळ्या संस्थांचे उपक्रम या एकाच साधनावर चालतात. कोठे प्रथिनांची घडण तपासली जाते, कोठे हवामानाची प्रतिरूपे चालविली जातात.

यांतून खरोखर काही निष्पन्न होते काय, असे कोणी विचारील. २०१० साली 'आइन्स्टाइन ॲट होम'मध्ये अमेरिकेतील आयोवा येथील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील माइन्त्स येथील एका गृहस्थाच्या संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा शोधून काढला. तो सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो. ही माणसे खगोलशास्त्रज्ञ नव्हती. त्यांनी दिली होती ती फक्त यंत्राची रिकामी वेळ.

महाराष्ट्राशीही या विषयाचे नाते आहे. गोंगाटात दडलेला गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत कसा ओळखावा, या शास्त्रात पुण्याच्या 'आयुका'मध्ये संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलगामी काम केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' उपकरणांनी अशी लहर प्रथम टिपली. त्याच जातीचे भारतीय उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे करण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. 'आइन्स्टाइन ॲट होम' लायगोच्याच नोंदींची छाननी करते. सबब गडचिरोलीतील खोलीत बसलेले मूल या कामाला हात लावते तेव्हा ते परक्याच्या दारात उभे नसते.

तीन पात्रे आणि दोन वाटा

आता बिघाडाकडे वळू. त्याआधी या खेळातील तीन पात्रे नीट ओळखून घ्यावयास हवीत, कारण निम्मा घोटाळा या ओळखीच्या अभावी होतो.

पहिले पात्र 'क्लायंट'. खरे काम करणारे तेच. काम मागून आणणे, आकडेमोड करविणे, उत्तर परत पाठविणे हा सारा व्यवहार त्याचा. लिनक्सवर ते पडद्याआड राहून चालते. यंत्र सुरू झाले की तेही सुरू होते. कोणी खिडकी उघडो वा न उघडो, त्याचे काही अडत नाही. दुसरे पात्र 'मॅनेजर', म्हणजे आपण पडद्यावर पाहतो ती खिडकी. नाव मोठे असले तरी ती स्वतः काही करीत नाही. क्लायंटला विचारते आणि आपल्याला दाखविते, एवढेच. तिसरे पात्र दूर देशी असलेला उपक्रमाचा 'सर्व्हर'.

तेंदूच्या भाषेत सांगावयाचे तर क्लायंट हा मुन्शी, सर्व्हर हा दूरचा मुख्य डेपो, आणि मॅनेजर म्हणजे मुन्शीच्या खोलीची खिडकी. खिडकी बंद असली म्हणून मुन्शी आत नाही असे होत नाही. मुन्शी आत असला म्हणून डेपोचा रस्ता मोकळा आहे, असेही होत नाही.

या तिघांमध्ये वाटा दोनच. एक खिडकीपासून मुन्शीपर्यंतची, ती यंत्राच्या पोटातली. दुसरी मुन्शीपासून डेपोपर्यंतची, ती टॉवर, तारा, समुद्र ओलांडून जाणारी. 'जोडणी नाही' हे शब्द दोन्ही वाटांच्या बाबतीत ऐकू येतात आणि येथेच माणूस फसतो. खिडकी म्हणते, 'मला क्लायंट भेटत नाही.' आपण समजतो, 'इंटरनेट नाही.' म्हणून पहिला नियम असा की बिघाड नेहमी जवळून दुराकडे शोधावा. घरातील दिवा लागला नाही तर आपण आधी बटण पाहतो, मग फ्यूज, मग शेजाऱ्याचे घर, आणि सरतेशेवटी खांब. येथेही तोच क्रम धरावा.

यंत्राच्या पोटातील वाट

पहिला प्रश्न : क्लायंट जागा आहे काय? डेबियन वा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत टर्मिनल उघडून 'सिस्टिमसीटीएल', 'स्टेटस' आणि 'बॉइंक-क्लायंट' हे तीन शब्द ओळीने लिहिले की यंत्र सांगते, सेवा चालू आहे की बंद. बंद असेल तर 'स्टेटस'च्या जागी 'स्टार्ट' लिहून ती व्यवस्थापकाच्या अधिकाराने सुरू करावी. सुरू होते, पण वीज जाऊन आल्यावर पुन्हा बंद दिसते, असे असेल तर 'एनेबल' ही आज्ञा द्यावयाची राहिली आहे असे समजावे. 'स्टार्ट' म्हणजे आज चालू कर, 'एनेबल' म्हणजे दर वेळी यंत्राबरोबर आपोआप चालू हो. आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा जाते, तेथे हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

दुसरा प्रश्न : क्लायंट एकच आहे ना? पुष्कळदा एक क्लायंट प्रणालीच्या भांडारातून बसविलेला असतो, आणि कोणी तरी संकेतस्थळावरून दुसरा उतरवून तोही चालवितो. खिडकी आणि क्लायंट यांची भेट यंत्रातील एका ठरलेल्या दारावर होते. त्या दाराचा क्रमांक ३१४१६. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर ३·१४१६ हे आपण शाळेत शिकलो. त्यातील दशांशचिन्ह काढले की हा क्रमांक झाला, म्हणून तो विसरणे कठीण. एका दारावर दोन द्वारपाल बसू शकत नाहीत. दुसरा क्लायंट आला की नोंदवहीत 'या दारावर बसता आले नाही' अशा अर्थाची तक्रार उमटते आणि तिच्याशेजारी ९८ हा आकडा असतो. लिनक्समध्ये ९८ या आकड्याचा अर्थ 'जागा आधीच व्यापलेली आहे'. उपाय उघड आहे : दोहोंपैकी एक ठेवावा.

तिसरा प्रश्न, आणि आमच्या खोलीत खरा दोष होता तो हाच : खिडकीला परवानगी आहे काय? एका यंत्रावर अनेक माणसे बसतात. कोणीही यावे आणि मुन्शीला हुकूम सोडावा हे बरे नव्हे. म्हणून क्लायंट एक परवलीचा शब्द एका लहान फाईलमध्ये ठेवतो आणि जो तो शब्द सांगेल त्याच्याशीच बोलतो. ही फाईल क्लायंटच्या सामानाच्या फोल्डरात असते. क्लायंट 'बॉइंक' नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या हक्काने चालतो, आणि ती फाईल त्याला व त्याच्या गटाला वाचता येते. शिक्षकांनी पहिल्या दिवशी व्यवस्थापकाच्या अधिकाराने आज्ञा देऊन जोडणी केली, म्हणून ती झाली. मुले बसत ती साध्या खात्यावरून. त्यांच्या खिडकीला फाईल वाचता येईना, परवलीचा शब्द मिळेना, आणि क्लायंट दार उघडीना. अकरा दिवसांचे रहस्य ते एवढेच.

उपाय असा. व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'युजरमॉड' ही आज्ञा देऊन त्या वापरकर्त्याला 'बॉइंक' गटात घ्यावयाचे. येथे एक सावधगिरी आहे. आज्ञेत लहान 'ए' आणि मोठा 'जी' ही दोन्ही अक्षरे हवीत. 'ए' विसरले तर नवा गट मिळतो खरा, पण माणूस आधीच्या पुरवणी गटांतून बाहेर फेकला जातो, आणि त्यांत व्यवस्थापकाचा अधिकार देणारा गट असला तर तोही जातो. दुसरी सावधगिरी अशी की गटात नाव घातल्यावर त्या माणसाने खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. नवे सदस्यत्व नव्या प्रवेशापासूनच लागू होते. पुष्कळ लोक उपाय बरोबर करतात, पण बाहेर पडत नाहीत, आणि 'हाही उपाय चालला नाही' म्हणून भलतीकडे वळतात.

काही जण याहून सोपी वाट सांगतात : परवलीची फाईल रिकामी करा, किंवा सर्वांना मोकळी करा. चालते तेही. पण कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवावा, अशा मासल्याचा तो उपाय आहे. सार्वजनिक खोलीतील यंत्रावर तो करू नये.

हे सर्व ठीक असूनही खिडकी उघडत नसेल तर आणखी एक जागा पाहावी. यंत्र स्वतःला 'लोकलहोस्ट' या नावाने हाक मारते. यजमानांच्या नावांची जी फाईल असते तीत या नावापुढे १२७·०·०·१ हा पत्ता असावा लागतो. कोणी ती फाईल संपादित करताना ही ओळ पुसून टाकली असेल, तर यंत्राला स्वतःचाच पत्ता सापडेनासा होतो.

डेपोची वाट

खिडकी उघडली, क्लायंट दिसला, तरी काम येत-जात नसेल तर दोष दुसऱ्या वाटेवर आहे. येथे तर्क लढवीत बसण्याचे कारण नाही. क्लायंट स्वतः घडलेले सारे नोंदवहीत लिहून ठेवतो. मॅनेजरमध्ये ती 'इव्हेंट लॉग' या नावाने दिसते, आणि खिडकी बंद असली तर टर्मिनलात 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने वाचता येते.

या नोंदवहीची एक युक्ती फार चांगली आहे. उपक्रमाशी बोलणे झाले नाही की क्लायंट लगेच एका प्रसिद्ध, सहसा बंद न पडणाऱ्या संकेतस्थळाशी बोलून पाहतो. ते भेटले तर तो लिहितो, 'इंटरनेट ठीक आहे, उपक्रमाचा सर्व्हर तात्पुरता बंद असावा.' तेही भेटले नाही तर लिहितो, 'इंटरनेटपर्यंत पोचता येत नाही, जाळे वा प्रॉक्सी तपासा.' शेजारच्या घरात दिवा आहे का हे पाहण्यासारखेच हे झाले. या एका ओळीने निम्मे काम होते.

पहिली ओळ दिसली तर काहीही करू नये. हे सांगणे सोपे, पाळणे अवघड. सेटी ॲट होमचे सर्व्हर देखभालीसाठी दर आठवड्याला काही तास बंद असत. 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' हा उपक्रम २०२१ मध्ये आयबीएमकडून टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला, आणि पुढच्या वर्षी स्थलांतरासाठी त्याचे काम बराच काळ थांबले. अशा वेळी आपल्या यंत्रात कितीही उलथापालथ केली तरी सातासमुद्रापलीकडचा सर्व्हर जागा होत नाही. उलट आपल्याजवळचे चांगले मात्र बिघडते.

दुसरी ओळ दिसली तर पुन्हा जवळून दुराकडे जावे. त्याच यंत्रावर ब्राउझर चालतो काय? चालत नसेल तर प्रश्न क्लायंटचा नव्हे, जाळ्याचा आहे. ब्राउझर चालतो आणि क्लायंट चालत नाही, असे असेल तर तीन संशयित उरतात.

पहिला संशयित प्रॉक्सी. महाविद्यालये व कार्यालये यांत बाहेरची सारी ये-जा कित्येकदा एका मध्यस्थामार्फत होते. त्याचा पत्ता ब्राउझरला सांगितलेला असतो. पण क्लायंट पडद्याआड वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्यामुळे ब्राउझरला सांगितलेले त्याला कळत नाही. त्याला तो पत्ता मॅनेजरमधून वेगळा द्यावा लागतो.

दुसरा संशयित प्रवेशाचे पान. वसतिगृहाच्या वायफायला जोडले की आधी नाव व सांकेतिक शब्द विचारणारे पान येते. माणूस ते भरतो. क्लायंट कसे भरणार? त्याने सर्व्हरला प्रश्न विचारावा आणि उत्तर म्हणून ते पानच हाती यावे, असे होते. अशा ठिकाणी आधी माणसाने ब्राउझरमधून प्रवेश घ्यावा आणि मग क्लायंटला पाठवावे.

तिसरा संशयित सर्वांत गमतीचा, आणि आमच्या भागात सर्वांत नेहमीचा. तो म्हणजे घड्याळ! हल्लीचे सर्व्हर आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटवितात, आणि त्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज गेली की घड्याळ मागे जाते, आणि वीज आल्यावर यंत्र आपण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या काळात आहोत असे समजू लागते. मग आजचे प्रमाणपत्र त्याला 'अजून सुरूच न झालेले' दिसते आणि ते जोडणी नाकारते. नोंदवहीत 'प्रमाणपत्राची खात्री पटत नाही' असे लिहिलेले असेल तर आधी घड्याळ पाहावे. 'टाइमडेटसीटीएल' या एका आज्ञेने तारीख, वेळ आणि ती जाळ्यावरून जुळविली जात आहे की नाही, हे सारे समजते. बॅटरी थोड्याशा पैशांत येते.

घड्याळ बरोबर असूनही तीच तक्रार राहिली तर प्रमाणपत्रांची यादी जुनी झाली असे समजावे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर वापरात असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ज्या जुन्या क्लायंटांजवळ नवी यादी नव्हती, त्यांचे अनेक उपक्रमांशी बोलणे एका दिवसात बंद पडले. प्रणाली अद्ययावत ठेवणे हाच येथे उपाय.

एक शेवटचा प्रकार बिघाड नव्हेच. मॅनेजरमध्ये जाळ्याचा वापर थांबविण्याची सोय आहे. डेटा वाचावा म्हणून कोणी ती एकदा वापरतो आणि विसरतो. म्हणून मोठा शोध सुरू करण्याआधी ही कळ कोणीकडे आहे हे पाहून घ्यावे.

दुरुस्तीनंतरची वाट पाहणे

दोष निघाला तरी काम लगेच सुरू होईलच असे नाही. अपयश आले की क्लायंट काही वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा अपयश आले की अधिक थांबतो, असे अंतर वाढत जाते. हा आळस नव्हे. पूर ओसरल्यावर थांबलेली सारी माणसे एकदम नावेत चढली तर नाव बुडेल. त्याचप्रमाणे बंद पडलेला सर्व्हर जागा होताच हजारो यंत्रे एकाच क्षणी त्याच्यावर धावली तर तो पुन्हा कोसळेल. म्हणून प्रत्येकाने आपापले, कमीजास्त अंतर ठेवावे अशी ही रीत आहे. दोष दूर झाल्याची खात्री असेल तर मॅनेजरमधून 'आता पुन्हा प्रयत्न कर' असे एकदा सांगावे. दर मिनिटाला सांगू नये.

आमच्या जिल्ह्यात याहून मोठी अडचण खऱ्या तुटलेल्या वाटेची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटावा, असे कित्येक पावसाळे घडत आले आहे. वादळात झाड पडून तार तुटते, टॉवरची वीज जाते. पण येथे स्वयंसेवी संगणनाचा एक गुण आपल्या उपयोगी पडतो. हातातील काम करण्यासाठी क्लायंटला जाळे लागत नाही. ते आणताना आणि पाठविताना काय लागेल तेवढेच. आइन्स्टाइन ॲट होमच्या पुष्कळ कामांना चौदा दिवसांची मुदत असते. क्लायंटला दोन-तीन दिवसांच्या कामाचा साठा ठेवण्यास सांगितले तर चार दिवस वाट बंद राहिली तरी फारसे नुकसान होत नाही. साठा फार मोठाही करू नये. मुदत टळली की तेच काम दुसऱ्याला दिले जाते आणि आपले श्रम वाया जातात.

पाहून मग हात

या सर्वांतून आम्ही आमच्यापुरते चार नियम केले आहेत. नोंदवही वाचल्याखेरीज काही करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काय बदलले ते वहीत लिहावे. आणि काढून टाकून पुन्हा बसविणे हा उपाय अगदी शेवटी करावा, कारण त्यात न पाठविलेले काम मरते. हे आम्हाला एका यंत्राची किंमत देऊन कळले.

धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात निर्णयाआधी अभ्यासगट बसविण्याची चाल आहे. आधी विषय समजून घ्यावयाचा, प्रश्न विचारावयाचे, आणि मग सर्वांनी मिळून ठरवावयाचे. बिघाड शोधण्याची रीत याहून वेगळी नाही. म्हणून आम्ही त्या खोलीत आता दुरुस्ती एकट्याने करीत नाही. मुले भोवती बसतात, एक जण नोंद मोठ्याने वाचतो, आणि 'वाट कोणती, पहिली की दुसरी?' हा प्रश्न आधी विचारला जातो.

दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे दान फुकटचे नाही. एखादे जुने यंत्र कामात असताना साठ वॅट जादा घेते असे धरले, तर दिवसरात्र चालविल्यास दिवसाला सुमारे दीड युनिट आणि महिन्याला सुमारे ४३ युनिटे खर्च होतात. औष्णिक विजेच्या एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, आणि २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्राजवळ राहणाऱ्या चंद्रपूरकरांना त्या कोळशाची राख कोठे पडते हे सांगावयास नको. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत आम्ही दुपारी काम बंद ठेवतो, आणि इतर वेळीही यंत्राला पूर्ण ताकदीने चालू देत नाही. दुसरी गोष्ट परवानगीची. यंत्र ज्याच्या मालकीचे त्याला विचारल्याशिवाय हे कधीही करू नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयातील संगणकांवर असेच काम परवानगीशिवाय चालविल्याबद्दल तेथील कर्मचाऱ्यावर खटला भरला गेला होता. हेतू चांगला असला तरी वीज आणि यंत्र दुसऱ्याचे असते.

असो. ज्या मुलाने 'आपल्या भागात हे चालत नाही जी' असे म्हटले होते, त्याला आम्ही संकेतस्थळावरील यादी दाखविली. अकरा दिवसांत त्याच्या यंत्राने पाठविलेली कामे तीत ओळीने उभी होती, आणि त्यांतील कित्येकांपुढे 'ग्राह्य' असा शेरा होता. दूरच्या दुसऱ्या यंत्राच्या उत्तराशी ती पडताळून पाहिलेली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "म्हणजे हे चालूच होते का जी?"

होय, चालूच होते. आपल्या भागात पुष्कळ गोष्टी अशाच चालू असतात, आणि खिडकी उघडत नाही म्हणून आपण त्यांना बंद समजतो. काही वाटा खरोखरच तुटलेल्या आहेत. त्या जोडून घेण्यासाठी भांडावेच लागेल. पण कोणती वाट तुटली आहे हे ज्याला नेमके दाखविता येते, त्याचेच भांडण ऐकले जाते.